बिलावल भुट्टो : नुसता वारसदार, की गड्यात काही दम आहे?

निवृत्त_नायब

रामराम मंडळी.

परवा पुतण्या घरी आला होता. त्यानं मोबाईलवर बिलावल भुट्टोचं ते जुनं भाषण लावलं. "टांगें कांप रही हैं" म्हणायचं होतं, आणि पठ्ठ्या म्हणाला "कांपें टांग रही हैं". घरात हसून हसून पुरेवाट झाली. मीही हसलो. मग रात्री पडल्या पडल्या मनात आलं, की हा पोरगा पाकिस्तान पीपल्स पार्टीचा अध्यक्ष झाला तेव्हा १९ वर्षांचा होता. २७ डिसेंबर २००७ ला रावळपिंडीत आईला, बेनझीरला, मारलं, ३० तारखेला याला गादीवर बसवलं. तीन दिवसांत. (त्यांच्यात तेरावं नसतं हे माहीत आहे, पण तरीही.)

त्या दिवशी तो म्हणाला होता, आई नेहमी सांगायची की लोकशाही हाच सर्वात चांगला सूड. त्याला आता अठरा वर्षं होत आली. मधल्या काळात तो खासदार झाला, परराष्ट्रमंत्री झाला, गोव्याला येऊन गेला. प्रश्न इतकाच, की आजोबा झुल्फिकार अली आणि आई वजा केले तर याच्या हातात स्वतःचं असं काय उरतं?

पाकिस्तानला शिव्या द्यायच्या असतील तर त्यासाठी इथे पन्नास धागे आहेत. हा त्यातला नाही.

चहाटळ

पहिला! बिलावलच्याच 'जब ज़्यादा बारिश आता है, तो ज़्यादा पानी आता है'च्या चालीवर: जब ज़्यादा प्रतिसाद आता है, तो ज़्यादा धागा चलता है.

पेठी_पोतनीस

काही उरत नाही. विषय संपला.

२००७ च्या डिसेंबरपर्यंत तो बिलावल झरदारी होता. भुट्टो हे मधलं नाव त्या ३० तारखेला चिकटवलं, कारण झरदारी नावावर सिंधमध्ये कोणी चहासुद्धा पाजत नाही. बेनझीरच्या मृत्युपत्रात वारस म्हणून नवऱ्याचं, म्हणजे आसिफ झरदारींचं, नाव होतं. नवऱ्यानं ते पोराकडे वळवलं आणि स्वतः सहअध्यक्ष झाला. लोक मृत्युपत्रात बंगला ठेवतात, शेत ठेवतात. इथे अख्खा पक्ष ठेवला.

आणि खऱ्या भुट्टो घराण्यातला मुलाचा मुलगा तिकडे वेगळाच आहे, मुर्तझाचा, त्याचंही नाव झुल्फिकार. मुर्तझा १९९६ साली कराचीत पोलिसांच्या गोळ्यांनी गेला तेव्हा पंतप्रधान कोण, तर सख्खी बहीण. असली भाऊबंदकी.

चहाटळ

पोतनीस, काका-पुतण्याच्या भांडणावर महाराष्ट्रात राहून बोलताय. जरा दमानं.

ऋतुपर्णा_ल

पोतनीसकाका, वारसा आहे हे कोण नाकारतंय? नायबकाकांनी विचारलंय तो पुढचा प्रश्न आहे.

अध्यक्ष झाला तेव्हा तो ऑक्सफर्डला शिकत होता, क्राइस्ट चर्च कॉलेजात, आजोबांच्याच. इतिहासात पदवी घेऊन २०१० मध्ये बाहेर पडला. २०१३ ची निवडणूक त्याला लढवता आली नाही, कारण तिथे खासदारकीला २५ पूर्ण लागतात आणि त्याचा जन्म २१ सप्टेंबर १९८८ चा. निवडणूक होती मे महिन्यात, चार महिन्यांनी हुकली. म्हणजे पहिली सात-आठ वर्षं तो नावापुरताच अध्यक्ष होता, कारभार सगळा वडिलांचा.

पण त्या काळातली एक गोष्ट मला लक्षात राहिली आहे. जानेवारी २०११ मध्ये पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना त्यांच्याच अंगरक्षकानं मारलं, कारण ते ईशनिंदेच्या आरोपात अडकलेल्या आसिया बीबीच्या बाजूनं उभे राहिले होते. वकील मारेकऱ्यावर गुलाबपाकळ्या उधळत होते. सरकार बिलावलच्या स्वतःच्या पक्षाचं, तरी मंत्री शब्द तोलूनमापून बोलत होते. तेव्हा २२ वर्षांचा हा मुलगा लंडनमधल्या शोकसभेत उभा राहून मारेकऱ्याचं कौतुक करणाऱ्यांवर सरळ तुटून पडला. अल्पसंख्याकांच्या पाठीशी उभं राहायचं म्हणाला. पुढे २०१८ मध्ये आसिया सुटली आणि रस्ते पेटले, तेव्हाही संसदेत तो कोर्टाच्याच बाजूनं बोलला.

पेठी_पोतनीस

लंडनमधून मीही शूर आहे.

ऋतुपर्णा_ल

२०१८ चं भाषण इस्लामाबादला झालं होतं. पूर्ण वाचत चला हो काका.

वाळवंटी_वारकरी

दुबईहून लिहितोय. बिलावलचं शालेय शिक्षणही इथेच झालं. आई परागंदा होती, वडील तिकडे तुरुंगात. त्याचं उर्दू असं का, याचं निम्मं उत्तर त्यात आहे. इथल्या आपल्या मराठी पोरांचं मराठी ऐका म्हणजे त्याला हसणार नाही. माझा मुलगा परवा आजीला फोनवर म्हणाला, "आजी, तू कधी येणार आहेस रे?"

आमच्या साईटवर कराचीच्या ल्यारीतला एक फोरमन होता. ल्यारी म्हणजे बलुच वस्ती, फुटबॉलचं वेड, गल्लीबोळ, आणि तीन पिढ्यांपासून भुट्टोंचा बालेकिल्ला. १९८७ मध्ये बेनझीरचं लग्न झालं तेव्हा जनतेसाठीचा सोहळा ल्यारीच्या ककरी मैदानात झाला होता. हा फोरमन तेव्हा लहान होता, वडिलांच्या खांद्यावर बसून गेला होता. ते सांगताना त्याचा चेहरा असा काही व्हायचा, जणू याच्याच घरचं कार्य.

२०१८ ला बिलावल पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिला, तीन जागांवर. त्यातली एक ल्यारी. प्रचाराला गेला आणि गाड्यांवर दगड आले. तो फोरमन तेव्हा रोज रात्री घरी फोन लावायचा, मी शेजारच्या खाटेवर. ल्यारीच्या नळाला पाणी नव्हतं. दहा वर्षं प्रांतात सरकार याच पक्षाचं आणि बायाबापड्यांना टँकर विकत घ्यावा लागतोय. निकाल लागला तर बिलावल ल्यारीत तिसरा! इम्रानच्या पक्षाचा पहिला, कट्टर धार्मिक पक्षाचा दुसरा. मलाकंडही गेलं. लारकान्यानं तारलं म्हणून संसदेत पोचला.

मी फोरमनला विचारलं, तुझ्या घरच्यांनी कोणाला दिलं? म्हणाला, "अम्मीनं तीर को दिया, बाकी सबने पानी को." तीर म्हणजे त्यांच्या पक्षाची निशाणी.

भोरकर

वारकरीशेठ, शेवटचं वाक्य काळजात घुसलं. आमच्याकडे धरण उशाला आणि कोरड घशाला.

चहाटळ

ज़्यादा पानी नहीं आता है तो ज़्यादा पत्थर आता है.

निवृत्त_नायब

वारकरी, फार छान प्रतिसाद. एक भर घालतो. पणजोबांचंही तसंच झालं होतं. सर शाहनवाज भुट्टो मुंबई सरकारात मंत्री होते, सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात. सिंध वेगळा करा म्हणून ज्यांनी जोर लावला त्यांत ते पुढे होते. १९३६ ला सिंध वेगळा झाला, १९३७ ला निवडणूक झाली आणि शाहनवाज साहेब घरच्याच लारकान्यात पडले! नंतर जुनागढचे दिवाण झाले, ती फाळणीची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. झुल्फिकार अलींची शाळाही मुंबईतली, कॅथेड्रल.

सुकी_सुंगटां

गोव्याहून हजेरी. तो आला होता तेव्हा मी बाणावलीतच होते, माझं माहेर तिथलं.

मे २०२३, शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक. २०११ मध्ये हिना रब्बानी येऊन गेल्यावर बारा वर्षांनी पाकिस्तानचा परराष्ट्रमंत्री भारतात येत होता. आमच्याकडे चर्चा एवढीच, की रस्ता कुठून कुठपर्यंत बंद. नेहमी सकाळी सायकलवरून येणारा पाववाला दोन दिवस हॉर्न वाजवत आलाच नाही. मे महिना, चतुर्थीला लागेल म्हणून आईनं वाळत घातलेली आमसुलं गच्चीवर, आणि वरून हेलिकॉप्टर. आई म्हणाली, "कोण तो? बेनझीराचो पूत? बापडो." एवढंच. आईला बेनझीर चांगली आठवते.

टीव्हीवर आम्ही पाहिलं, जयशंकरांनी लांबूनच नमस्कार केला, त्यानंही हात जोडले. बैठक संपल्यावर जयशंकर पत्रकारांसमोर जे बोलले, दहशतवादाच्या उद्योगाचा प्रवक्ता वगैरे, ते सगळ्यांना माहीत आहे. तो परत गेला आणि आमचा पाववाला आला.

पेठी_पोतनीस

नमस्कार मिळाला हेच पुष्कळ. त्याच्या पाच महिने आधी, डिसेंबर २०२२ मध्ये, संयुक्त राष्ट्रांत आपल्या पंतप्रधानांबद्दल काय बरळला होता ते विसरलात? आणि पहलगामनंतर एप्रिल २०२५ मध्ये सक्करच्या सभेत, की सिंधूत एकतर आमचं पाणी वाहील नाहीतर त्यांचं रक्त? आणि जूनमध्ये हाच माणूस शिष्टमंडळ घेऊन वॉशिंग्टन, लंडन, ब्रसेल्सला शांततेच्या गोष्टी सांगत हिंडतोय. याला ताई तुम्ही नेता म्हणता?

ऋतुपर्णा_ल

सक्करचं वाक्य घाणेरडं होतं. त्याचं समर्थन मी करणार नाही, कोणीच करू नये. २६ माणसं मारली गेली होती.

कॅम्प_नंबर_चार

इतका वेळ नुसतं वाचत होते. आता राहवलं नाही.

मी मराठी, सासर सिंधी, उल्हासनगर. सासरे मूळचे सक्करचे. बारा वर्षांचे असताना आले, आता नव्वदीत आहेत. यूट्यूबवर सिंधी वाहिन्या दिवसभर चालू, त्यामुळे सिंधचं राजकारण मला आमच्या वॉर्डापेक्षा जास्त कळतं.

पोतनीसकाका, ती सक्करची सभा भारताविरुद्ध लावलेलीच नव्हती! ती होती कालव्यांसाठी. इस्लामाबादनं सिंधू खोऱ्यातल्या नद्यांवर नवे सहा कालवे काढायचं ठरवलं होतं. त्यातला मोठा चोलिस्तानचा, पंजाबातल्या वाळवंटात शेती पिकवायला, लष्कराच्या आशीर्वादानं. खालच्या सिंधचं काय? आधीच समुद्र आत घुसतोय, मुखाकडची जमीन खारट झाली आहे. सिंधमध्ये वकील रस्त्यावर बसले, महामार्ग अडले, ट्रकच्या रांगा लागल्या. बिलावलचा पक्ष आधी गप्प होता. लोक उघड म्हणायला लागले, की याच्या बापानं राष्ट्राध्यक्ष म्हणून होकार दिलाय. मग पायाखालची वाळू सरकल्यावर हा उठला. १८ एप्रिलला हैदराबादेत (त्यांच्या) म्हणाला, कालवे रद्द करा नाहीतर आम्ही सरकारचा पाठिंबा काढतो. शाहबाज शरीफ यांचं सरकार याच्याच पाठिंब्यावर, मंत्रिपद एकही न घेता. २४ तारखेला शरीफ यांनी याला शेजारी बसवून कालवे थांबवले, २८ ला रीतसर रद्द.

मधल्या दिवशी, २५ ला, सक्करची सभा. लावली होती इस्लामाबादवर, पण तेवढ्यात पहलगाम झालं, भारतानं सिंधू करार स्थगित केला, आणि सभेचं तोंड दिल्लीकडे फिरलं. टाळ्या तर दोन्हीला पडतात.

सासऱ्यांनी तेव्हा टीव्ही बंद केला. कधी करत नाहीत.

वाळवंटी_वारकरी

ताई, हा प्रतिसाद मूळ धाग्यात डकवायला हवा. पाणी पंजाबनं अडवलं तरी तेच, भारतानं अडवलं तरी तेच. त्याचं राजकारण खऱ्या अर्थानं पेटतं ते फक्त पाण्यावर, बाकी सगळं उर्दूची शिकवणी.

चहाटळ

अवांतर: कॅम्पताई, साई भाजीत पालकाबरोबर चुका घालायचाच का? आमच्याकडे मिळत नाही.

कॅम्प_नंबर_चार

घालायचाच. नाहीच मिळाला तर टोमॅटो वाढवा, पण सासूबाईंना सांगू नका. चणाडाळ गाळ होऊ द्यायची नाही.

मुक्काम_पोस्ट

भाजी होईस्तोवर मूळ विषयावर. मी त्याला एका गोष्टीचे गुण देतो, २०२२ चा पूर. तीन कोटी तीस लाखांच्या आसपास लोक बाधित, सतराशेवर मृत्यू, सिंध तर महिनोन्महिने पाण्याखाली. हा तेव्हा नवाकोरा परराष्ट्रमंत्री, ३३ व्या वर्षी, तिथला सर्वात तरुण. जगभर फिरून एकच सांगत होता, की धूर तुम्ही काढलात आणि बुडतोय आम्ही, ही भीक नव्हे, न्याय आहे. त्या वर्षी विकसनशील देशांच्या ७७ च्या गटाचं अध्यक्षपद पाकिस्तानकडे होतं. नोव्हेंबरात इजिप्तला शर्म अल-शेखच्या परिषदेत हानीभरपाईचा निधी स्थापन करायचं ठरलं, जो श्रीमंत देश तीस वर्षं टाळत होते.

ऋतुपर्णा_ल

गुण द्या, पण निम्मे शेरी रहमान यांना द्या. हवामानबदल खात्याच्या मंत्री त्या होत्या, वाटाघाटीतली चिवट कामं त्यांनी केली. बाईंनी राबायचं आणि फोटो अध्यक्षांचा, हे सीमेपलीकडेही तसंच.

घरांची योजना मात्र त्याच्या खात्यावर मांडायला हरकत नाही. पुरात पडलेली २१ लाख घरं सिंध सरकार बांधून देतंय आणि जागेची मालकी बाईच्या नावावर करतंय. हा प्रत्येक सभेत तेच सांगतो. ज्या मुलुखात जमीन म्हणजे वडेरा, म्हणजे जमीनदार, तिथे बाईच्या हातात कागद ही लहान गोष्ट नाही. कृष्णाकुमारी कोहली आठवतात? थरपारकरच्या वेठबिगार कुटुंबातली हिंदू दलित बाई, २०१८ मध्ये याच पक्षानं सेनेटवर पाठवली. त्याच वर्षी थरपारकरमधून महेश मलानी सर्वसाधारण जागेवर निवडून आले, असा पहिला हिंदू.

पेठी_पोतनीस

आणि त्या वडेऱ्यांची तिकिटं कोणता पक्ष वाटतो? त्याच सिंधमध्ये हिंदू मुलींना पळवून धर्म बदलायला लावतात, त्याचं पुढे काय होतं? २००८ पासून सलग सत्ता यांची. एक कोहली सेनेटवर बसवायची आणि बाकीच्या कोहल्या वीटभट्टीवर.

ऋतुपर्णा_ल

हे मात्र बरोबर आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

चहाटळ

ताई आणि पोतनीस एकमत! स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

मुक्काम_पोस्ट

वडिलांचा किस्सा कोणी सांगितला कसा नाही? नोव्हेंबर २०२३, निवडणूक तोंडावर. बिलावल सभांमधून सांगत होता, म्हाताऱ्यांनो घरी बसा, जुनं राजकारण पुरे झालं, तरुणांना संधी द्या. रोख नवाझ शरीफांवर होता. लागला भलत्याच म्हाताऱ्याला. झरदारींनी टीव्हीवर मुलाखत दिली, की पोराचं प्रशिक्षण अजून पूर्ण झालेलं नाही, आणि तिकिटं मीच देतो, बिलावललाही मीच देतो. जाहीर, कॅमेऱ्यासमोर!

झालं काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये ३०० युनिट मोफत वीज वगैरे आश्वासनं घेऊन बिलावल लाहोरात उभा राहिला, पडला. घरच्या जागा राखल्या. मार्चमध्ये ६८ वर्षांचे वडील दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष, त्यांच्या रिकाम्या जागेवर धाकटी बहीण आसिफा बिनविरोध. म्हाताऱ्यांनी घरी बसावं, पण घर राष्ट्राध्यक्षांचं असावं.

भोरकर

=)) =))

निवृत्त_नायब

मुक्काम_पोस्ट, तुमचा किस्सा वाचून बायकोनं विचारलं एकटेच काय हसताय.

पण मला सलतंय ते वेगळं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये संसदेतल्या पहिल्याच भाषणात त्यानं इम्रानला 'सिलेक्ट' पंतप्रधान म्हटलं, म्हणजे लोकांनी निवडलेला नव्हे, लष्करानं नेमलेला. त्याला टोमणा कळला नसावा, तोही बाक वाजवत होता! शब्द इतका झोंबला की पुढल्या वर्षी उपसभापतींना 'सिलेक्टेड' शब्दावर सभागृहात बंदी घालावी लागली. असा एक शब्द विरोधकाला जन्मभर चिकटवणं ही साधी गोष्ट नव्हे. मला तेव्हा वाटलं होतं, हा वेगळा निघणार.

आणि नोव्हेंबर २०२५? २७ वी घटनादुरुस्ती. फील्ड मार्शलला (लष्करप्रमुख असीम मुनीर) तहहयात कायद्याचं संरक्षण, राष्ट्राध्यक्षांनाही, म्हणजे वडिलांनाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या डोक्यावर नवं घटना न्यायालय. बिलावलनं कुठे पाय रोवले? प्रांतांच्या महसुलाच्या वाट्याला हात लावायचा नाही, इथे. तो वाटा वाचवला. सेनापतीच्या कलमाला मात्र त्याच्या पक्षाची मतं पडली.

ती घटना आजोबांनी १९७३ ला दिलेली. त्याच आजोबांना ४ एप्रिल १९७९ ला लष्करी राजवटीनं फासावर दिलं. मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं मत दिलं की तो खटला न्याय्य नव्हता, तेव्हा नातू कोर्टात हजर होता, डोळ्यांत पाणी होतं. वीस महिन्यांनी नातवानं गणवेशाला माफीपत्र लिहून दिलं. आईचा तो सूड असा वसूल होतो का?

वाळवंटी_वारकरी

नायबकाका, वकिली करत नाही, पण इम्रानचं काय झालं ते त्यानं पाहिलंय. तिथे रावळपिंडीशी, म्हणजे लष्कराशी, वाकडं घेतलं की माणूस एकतर तुरुंगात, नाहीतर गढी खुदाबख्शच्या कबरस्तानात. त्याच्या घरच्या अशा चार कबरी आहेत तिथे. आजोबा, दोन मामा, आई. चारही अनैसर्गिक मृत्यू. ३७ वर्षांच्या माणसानं पाचवी खणू नये असं ठरवलं तर मी दुबईत एसीत बसून काय बोलू?

पेठी_पोतनीस

मग राजकारण सोडावं, अध्यक्षपद कशाला? पण बरं, कबरींबद्दल मी गप्प.

भोरकर

मघापासून एक सांगायचं राहतंय. कॅम्पताईंनी सक्कर म्हटलं म्हणून. सक्करला सिंधूवर जो बराज आहे, त्याचं मूळ नाव लॉईड बराज. १९३२ ला सुरू झाला, मुंबई सरकारनं बांधला, मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या नावानं. आणि आमच्या भोरजवळचं भाटघर धरण? तेही लॉईड धरण, त्याच लॉईडच्या नावाचं! सिंधमधली गव्हाची शेतं आणि नीरेच्या कालव्यावरचा ऊस एकाच गव्हर्नराच्या पाटीखाली. आमचं निम्मं शिवार भाटघरात गेलं आणि पाणी गेलं खाली. त्यामुळे कालवा म्हटला की वरच्याचं आणि खालच्याचं भांडण, हे मला सिंधी न येताही कळतं.

सुकी_सुंगटां

किती भारी माहिती! म्हादईवाल्यांनाही कळतं हो.

चहाटळ

सुंगटांताई, म्हादईचं नाव काढलंत, आता धागा तीनशेला जाणार.

कॅम्प_नंबर_चार

भोरकरदादा, तुमचा प्रतिसाद आत्ता सासऱ्यांना वाचून दाखवला, मराठीतून सिंधी करत करत. लॉईड म्हटल्यावर उठूनच बसले. म्हणाले, ६६ दरवाजे, आम्ही पोरं शाळेतून येताना मोजायचो, दर वेळी आकडा वेगळा यायचा.

मग मी नायबकाकांचा मूळ प्रश्नही विचारला, की बाबा, हा बिलावल कसा वाटतो तुम्हाला? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. जून २०२४ मध्ये बराजचा एक दरवाजा तुटून वाहून गेला होता, ४७ नंबरचा. ते दृश्य त्यांनी यूट्यूबवर दहादा पाहिलं होतं. मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात विचारलं, "तो दरवाजा बसवला का रे त्यांनी?"

म्हटलं, बसवला बाबा, पुढच्याच महिन्यात.

"बरं केलं," म्हणाले, आणि चष्मा काढून ठेवला.